घरून इथपर्यंत कसे आलात?

डॉक्टरांचा चेहरा आठवायला गेलं की मला आधी त्यांची पाठ दिसते. पांढऱ्या बुशशर्टाची, खांद्यावर इस्त्री मोडलेली, खिडकीकडे वळलेली पाठ. पेशंट आत येऊन स्टुलावर बसला तरी ती वळायची नाही. टेबलावरच्या रेकॉर्डरचं बटण त्यांनी आधीच दाबलेलं असायचं. मी दारात उभी राहून नाव पुकारायची, पेशंट आत जायचा, आणि ती पाठ विचारायची, "घरून इथपर्यंत कसे आलात?"

नवा माणूस गांगरायचा. माझ्याकडे वळून हळूच विचारायचा, "डॉक्टर चिडलेत का?" मी म्हणायची, "नाही हो, ते तसेच आहेत. तुम्ही सांगा, कसे आलात ते." वीस वर्षं मी हे वाक्य म्हटलं. दिवसाला तीस वेळा धरलं तरी किती होतात, ते मोजायची माझ्यात ताकद नाही.

कानाच्या दुखण्यासाठी पेठहून आलेला माणूस मग सांगायचा की एस.टी. उशिरा आली, घाटात पोराला उलटी झाली, सीबीएस स्टँडवरून चालत आलो. नांदगावची बाई सांगायची की गाडीत बसायला जागा नव्हती, नाशिकरोडहून रिक्षावाल्याने फिरवून आणलं. डॉक्टर पाठमोरे ऐकत राहायचे. दोन मिनिटांनी वळायचे आणि म्हणायचे, "डाव्या कानाने कमी ऐकू येतं ना?" किंवा "नाक किती वर्षं बंद आहे?" पेशंट थक्क व्हायचा. मी मात्र पुढची चिठ्ठी शोधत असायची.

पहिल्या आठवड्यात मला खात्री होती की हा गृहस्थ डोक्याने सटकलेला आहे. नोकरी सोडायचं मी घरी सांगूनही टाकलं होतं. तेव्हा त्यांनीच एकदा दुपारी डबा खाताना समजावलं. ते म्हणाले, "बाई, समोर बघून बोललं की बहिरा माणूस ओठांवरून ओळखतो आणि मला फसवतो. पाठ करून विचारलं की त्याला ऐकू येतं की नाही ते कळतं. बोलू लागला की नाक मोकळं आहे का, घसा कसा आहे, जिना चढून दम लागलाय का, तेही कळतं. 'काय त्रास होतोय?' असं विचारलं की माणूस ठरवून आणलेलं बोलतो. प्रवास मात्र कुणी ठरवून आणत नाही." मग त्यांनी माझ्या डब्यातली मेथीची भाजी न विचारता घेतली. मी नोकरी सोडली नाही.

दवाखाना रविवार कारंज्याच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली भांड्यांचं दुकान, समोर हॉर्न वाजवत अडकलेल्या रिक्षा. कान तपासायला याहून वाईट जागा अख्ख्या नाशकात सापडली नसती. लोकांनी किती वेळा सुचवलं, गंगापूर रोडला जा, तिकडे मोठमोठे दवाखाने झालेत. डॉक्टर म्हणायचे, "माणसं याच गोंगाटात राहतात. यात ऐकू आलं तर खरं."

लोकांच्या लेखी ते कानातला मळ काढणारे डॉक्टर होते, आणि याचं त्यांना फार वाईट वाटायचं. चक्कर आली की लोक आधी डोक्याच्या डॉक्टरकडे जात, मग डोळ्यांच्या, मग एखाद्या भगताकडे, आणि सगळं संपलं की यांच्याकडे. "कान, नाक आणि घसा या एकाच घरातल्या खोल्या आहेत. आतून दारं उघडी आहेत. एका खोलीत धूर झाला की तिन्हींत खोकला," हे ते प्रत्येकाला सांगायचे. पेशंट मान डोलवायचा आणि विचारायचा, "मग मळ आज काढणार का?"

पुरुष पेशंटकडे ते आधी गाडीची किल्ली मागायचे. किल्ली उजेडात धरून बघायचे, वास घ्यायचे, आणि परत देताना म्हणायचे, "हिने गाडी चालवा, कान नका कोरू." एकाही माणसाने कधी नाकारलं नाही. एका वकिलाने तेवढा वाद घातला की किल्ली बायकोची आहे.

मखमलाबादकडची एक बाई मला विसरता येत नाही. घरची फुलशेती, पहाटे झेंडू तोडायला वाकली की सगळं शेत गरगर फिरायचं. चार महिने झाले होते. घरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं की बाहेरचं काहीतरी आहे, लिंबं उतरवून झाली होती. डॉक्टरांनी तिला खाटेवर बसवलं, डोकं एका बाजूला वळवलं आणि धाडकन मागे पाडलं. ती किंचाळली, नवरा आत धावला. डॉक्टर तिचं डोकं धरून तसेच थांबले, मग दुसरीकडे वळवलं, मग तिला कुशीवर केलं, मग उठवून बसवलं. सगळं मिळून पाच मिनिटं. "कानाच्या आत खडे असतात, बारीक. जागचे हलले होते. परत जागेवर घातलेत," ते म्हणाले. तिने वाकून बघितलं, परत वाकून बघितलं. शेत फिरेना. तिला आनंद व्हायचा तर ती भडकलीच. "चार महिनं लोकांनी मला येडी ठरवली, आन् तुम्ही नुसती मान मुरगाळली व्हय?" पुढच्या आठवड्यात ती पाटीभर झेंडू ठेवून गेली. डॉक्टरांना फुलांच्या वासाने शिंका येत. ते दोन दिवस शिंकत होते आणि पाटी हलवू देत नव्हते.

घशाच्या बाबतीत त्यांचा एकच कायदा होता. आवाज तीन आठवडे बसलेला असला तर आत दुर्बीण घालून बघायचं, मग तो कोणाचाही असो. हा कायदा ते दवाखान्याबाहेरही चालवत. एका लग्नात मंगलाष्टकं संपल्या संपल्या त्यांनी गुरुजींना बाजूला घेऊन विचारलं, "किती दिवस झाले?" गुरुजींना वाटलं दक्षिणेवरून काही आहे. गल्लीतल्या भाजीवाल्याला त्यांनी ओरडणं सोडून भोंगा लावायला लावला, आणि तो भोंगा दिवसभर दवाखान्याच्या खिडकीखाली वाजू लागल्यावर स्वतःच वैतागले. एस.टी.तल्या कंडक्टरला त्यांनी कार्ड दिलं होतं. "आवाजाची नस सरळ घशात जात नाही," ते सांगायचे. "आधी छातीत उतरते, तिथून वळसा घालून वर येते. आवाज बदलला म्हणजे घशातच काही आहे असंही नाही. पण निरोप आवाजच आणतो."

बायकांना ते आणखी एक प्रश्न विचारत. "मिश्री लावता?" निम्म्या बायका लाजून हो म्हणत. मग ते ओरडत. भाजलेली तंबाखू म्हणजे काय, ती दातांवरून कुठे कुठे जाते, सगळं सांगत. मी शेजारी ट्रे धरून उभी असायची. माझ्या पर्समध्ये मिश्रीची डबी असायची.

हे आता सांगायला हरकत नाही. माझी आई लावायची, मी तेराव्या वर्षापासून लावत होते. सकाळी तिच्याशिवाय मला माणसात आल्यासारखं वाटत नसे. पंचवटीतून होळकर पूल ओलांडून दवाखान्यात पोचेपर्यंत मी दोनदा चूळ भरायची आणि वेलदोडा चघळायची. पहिल्या सतरा वर्षांत त्यांनी मला तो प्रश्न एकदाही विचारला नाही. मी त्यांची माणूस होते, ट्रेच्या या बाजूला होते. मला वाटायचं, बरंच आहे.

नामपूरच्या कांदाबाजारात लिलावाची बोली पुकारणारा एक माणूस आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या गळ्यातून आवाजच निघत नव्हता. ट्रॅक्टरच्या रांगेतून चालत दिवसभर ओरडायचं, वर धूळ. स्वरतंतूंवर गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांनी त्या काढल्या आणि आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही असा हुकूम केला. त्या पठ्ठ्याने गळ्यात पाटी अडकवली, 'डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे', आणि पाटीसकट बाजारात जाऊन उभा राहिला. आवाज परत आल्यावर तो पेढे घेऊन आला. मला म्हणाला, "ताई, तुम्ही आनि मी एकाच धंदाना. दोन्ही पुकारतस." तो दरवर्षी एकदा दाखवायला यायचा. पुकारणारा माणूस म्हणून मला त्याच्याबद्दल आपुलकी होती.

माझा आवाज कधी बदलला ते मला सांगता येणार नाही. एक दिवस बसला, सुटला, परत बसला. थंडी होती. मग थंडी गेली. मग रस्त्याचं खोदकाम निघालं, धूळ. मग मी म्हटलं, वय झालं. पेशंट चेष्टा करत, "बाई, आज कुणाशी भांडलात?" मी हसायची. मी ज्या दारात उभी राहून हे हसत होते, त्याच्या आत तीन आठवड्यांचा कायदा सांगितला जात होता. मला ऐकू येत होतं. पण दुर्बीण घातली की घशातलं सगळं दिसणार, आणि मग तो प्रश्न येणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मरणाची भीती वाटण्याआधी मला लाज वाटली, याचा आता राग येतो.

श्रावणात नामपूरचा माणूस वर्षाच्या तपासणीला आला. मी नाव पुकारलं. तो उठला, माझ्या तोंडाकडे बघत आत गेला. मी दारातच होते. पाठीने विचारलं, "घरून इथपर्यंत कसे आलात?"

तो म्हणाला, "नामपूरथीन सकाळनी गाडीमा बसनू. सटाणाले गाडी बदली. नाशिकमा उतरनू, चालत आठे वनू. ताईनी हाक मारी." मग त्याने माझ्याकडे हात केला. "डाक्टर, हाऊ आवाज ताईना नही शे. मी बाजारमा आवाजवरच जगस, माले समजस. ताईले काय व्हयनं?"

सतरा वर्षांत पहिल्यांदा डॉक्टर पेशंटचं बोलणं अर्धवट असताना वळले. त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. दाराकडे बघितलं.

"बाई, आत या," ते म्हणाले. नामपूरचा माणूस स्टूल सोडून उभा राहिला. मी त्यावर बसले. डॉक्टर परत खिडकीकडे वळले, आणि मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "घरून इथपर्यंत कशा आलात?"

"पंचवटीतून पायी आले, सर," मी म्हटलं. "रोजच येते. पुलावर गर्दी होती." माझाच आवाज मला त्या खोलीत पहिल्यांदा ऐकू आला, फाटलेला, आत हवा शिरलेला. खाली भोंगा कोथिंबीर विकत होता.

डॉक्टर बराच वेळ वळले नाहीत. मग त्यांनी नाकातून दुर्बीण घातली. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले होते, दुखत नाही, नुसतं श्वास घेत राहा. दुखत नाही हे खरं आहे, पण डोळ्यांतून पाणी येतं. ते बघत राहिले. दुर्बीण काढून त्यांनी ती स्वतःच पुसली, जे माझं काम होतं.

"डाव्या बाजूला आहे काहीतरी. तुकडा तपासायला पाठवावा लागेल." मग विचारलं, "मिश्री लावता?"

"नाही," मी म्हटलं. आणि लगेच म्हटलं, "लावते."

"कधी बोलला नाहीत."

"तुम्ही मला कधी विचारलंच नाही, सर."

ते "बरोबर" म्हणाले. एवढंच.

रिपोर्ट आला तो कॅन्सरचाच होता, पण सुरुवातीचा. डॉक्टर त्याला सुरुवातीचा म्हणायला तयार नव्हते. "सुरुवात पहिल्यांदा आवाज बसला तेव्हाच होती, आपण उशिरा पोचलो," म्हणाले. पुढचं त्यांनी स्वतःच्या हातात ठेवलं नाही. मला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, तिथे रांगेत माझ्याबरोबर बसले, आणि माझी फाईल देताना त्या तरुण डॉक्टरांना सांगितलं, "ही माझ्या दवाखान्यात रोज पेशंट पुकारते आणि मला ऐकू आलं नाही." तो बिचारा कुठे बघावं या विचारात पडला. सहा आठवडे मला रेडिएशनचे शेक दिले. गळा आतून सोलल्यासारखा झाला. थंड ताक सोडून काही उतरत नव्हतं. नवरा ते ताक चमच्याने द्यायचा आणि भिंतीकडे बघायचा.

शेक संपल्यावर एका रविवारी डॉक्टर घरी आले. हातात वही आणि तो छोटा रेकॉर्डर. चहा नको म्हणाले. त्यांनी काय केलं होतं ते मला आधी समजलंच नाही. ते पेशंट आत यायच्या आधीच बटण दाबून ठेवायचे, हे मी वर सांगितलं. त्यामुळे प्रत्येक पेशंटच्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दारातून पुकारणारी मी होते. पेशंटचा आवाज त्यांनी जपून ठेवला होता, आणि त्याच्या आधी दोन-तीन शब्दांपुरता माझा. त्या सहा आठवड्यांत त्यांनी मागची दोन वर्षं बसून ऐकली होती. पेशंट सोडून, फक्त मला.

"हे ऐका," म्हणाले. कुणातरी पवारांना मी आत बोलावत होते. खणखणीत, जरा त्रासलेला आवाज. माझा जुना आवाज. "आता हे." दुसरं नाव, तोच आवाज, कडेला जरा धूळ लागलेला. "आणि हे." तिसऱ्याला आवाज म्हणायचं तर म्हणावं. त्यांनी वही पुढे केली. "संक्रांतीच्या आधीचा आठवडा. तिथून सुरू आहे. सात महिने, बाई. तुम्ही रोज तीस वेळा माझ्या दारात येऊन मला सांगत होतात."

मला राग आला. मिश्री माझी होती, लपवलीही मीच, हे सगळं खरं. पण त्या पवारांना बोलावणारी बाई इतकी धडधाकट होती आणि ती मला परत मिळणार नव्हती. मी म्हटलं, "हे मला कशाला ऐकवता? मला काय करायचंय याचं?"

"मी तुमचा आवाज घड्याळासारखा ऐकत होतो," ते म्हणाले. "घड्याळ बंद पडलं तर कळतं. रोज थोडं मागे पडलं तर घरातल्या माणसाला कळत नाही. बाहेरच्याला कळतं." ते उठले. दाराशी पोचल्यावर म्हणाले, "मी दवाखाना बंद करतो."

"करा," मी म्हटलं. "आणि त्या पेठच्या लोकांनी काय करायचं? मळ काढायला गंगापूर रोडला जायचं?"

त्यांनी बंद केला नाही. मी तीन महिन्यांनी परत कामाला गेले, तर भिंतीवर लाल आकड्यांचा बोर्ड. मला पुकारावं लागू नये म्हणून. पहिल्याच दिवशी पेठचा एक म्हातारा दुपारपर्यंत नुसता बसून राहिला. आकडा येऊन गेला होता, त्याला वाचता येत नव्हतं. "मला कोनी हाकच नाय मारली," तो म्हणाला. मग दोन दिवस डॉक्टर स्वतः दारात येऊन नावं घेऊ लागले. त्यांचा आवाज इतका सौम्य की पहिल्या बाकाच्या पलीकडे जाईना. तिसऱ्या दिवशी मी बोर्डाची वायर काढली आणि माझ्या उरलेल्या आवाजात पुकारलं. लोक ऐकण्यासाठी गप्प बसू लागले. पूर्वी बसत नव्हते.

डॉक्टर मात्र बदलले. साध्या खोकल्यालाही दुर्बीण घालू लागले. स्वतःच्या कानांवरचा त्यांचा भरवसा उडाला होता, आणि पेशंटना ते कळायचं. गर्दी कमी झाली. दवाखाना उघडण्याआधी रोज सकाळी ते मला स्टुलावर बसवायचे, बटण दाबायचे, पाठ करायचे आणि विचारायचे, "कशा आलात?" मी म्हणायची, "काल आले तशीच." ते म्हणायचे, "पूर्ण सांगा." रोज मी पूल ओलांडून येत होते. किती सांगणार? कंटाळून मी वाटेत काय दिसलं ते बघून ठेवू लागले, म्हणजे सांगायला काहीतरी असावं.

एकदा माझा मिश्री सोडण्याचा निश्चय ढळला. भावाच्या घरी गेले होते, तिथे वहिनीची डबी होती. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं सांगितलं. पाठ म्हणाली, "मिश्री लावलीत." मी गारच पडले. आवाजावरून कळलं का, विचारलं. "नाही. वासावरून. नाकही माझ्याच खात्यात येतं, बाई." त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी ते हसले. मी परत लावली नाही.

वय झाल्यावर त्यांनी खरंच दवाखाना बंद केला. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता फोन. मी हॅलो म्हटलं. तिकडून, "बोला." मी विचारलं, काय बोलू, आता मी कुठे जात नाही. "मग उठल्यापासून काय केलंत ते सांगा." मी दोन मिनिटं भाजी, धुणं, पाणी आलं-नाही आलं सांगितलं. "बरं," म्हणाले आणि ठेवला. असं चार वर्षं. स्वतःचं कधी काही सांगितलं नाही. त्यांचे रोजचे दोनच शब्द, "बोला" आणि "बरं". नवरा म्हणायचा, हा कसला जाच. मला जाच वाटायचा हे खरं, आणि नऊला पाच कमी असताना मी गॅस बंद करून फोनपाशी बसायची हेही खरं.

मागच्या वर्षी गणपती उठले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं "बरं" मला वेगळं वाटलं. शेवटाला हवा सुटत होती. मी कालनिर्णय बघायला उठलेच होते, त्या तारखेवर पेनाने टिंब केलं. दुसऱ्या दिवशी तसंच. परत टिंब. घट बसले, उठले. रोज दोन शब्द, त्यामुळे ऐकायला चुकायची सोय नव्हती. दसरा झाला आणि मी टिंबं मोजली. त्या सकाळी ते "बोला" म्हणाले तेव्हा मी भाजीचं काही सांगितलं नाही.

"सर, तुमचा आवाज बदललाय. तीन आठवडे होऊन गेले. आत बघून घ्या."

मग ते म्हणाले, "मला माहीत आहे."

"मग दाखवलं नाहीत?"

"बघत होतो, कुणी सांगतं का. घरात माझ्याशी रोज बोलणारी माणसं आहेत, बाई. मॅडम आहेत, मुलगा आहे. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला जरा बरं वाटत होतं."

"बरं काय वाटायचं त्यात?" मी ओरडले. माझ्या आवाजात ओरडता येतं तेवढं.

"म्हणजे असं होतं माणसांचं. माझ्या एकट्याचंच झालं नव्हतं," ते म्हणाले.

मला रडू आलं. त्यांना सात वर्षं एवढंच ऐकायचं होतं की रोज ऐकणाऱ्याला ऐकू येत नाही, आणि मी नेमकं ऐकलं होतं. मी तो दिलासा मोडला की दुसरा काही दिला, मला अजून ठरवता येत नाही. मी फक्त म्हटलं, "तयार राहा. मी येते."

मॅडमना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मी सांगितलं. त्या "अगं बाई, खरंच की" म्हणाल्या आणि खाली बसल्या. मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तपासणी छातीच्या फोटोपर्यंत जाईल हे त्यांना आधीच ठाऊक असणार. पुढे छातीतलंच निघालं, आणि फाल्गुनात ते गेले. पण मला ते नाही सांगायचं. मला तो हॉल सांगायचाय.

शंभर खुर्च्यांचा हॉल, थंडगार. भिंतीवर लाल आकडे. कुणी कुणाला बोलावत नव्हतं. आकडा बदलला की 'टिंग' वाजायचं आणि एक माणूस उठायचा. डॉक्टर हातात चिठ्ठी धरून बसले होते, माझ्या आणि मॅडमच्या मध्ये. त्यांचा आकडा आला. टिंग वाजलं. ते हलले नाहीत. मला वाटलं, दिसला नसेल. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते बोर्डाकडे बघतच होते. सगळं दिसत होतं. आत कोण बसलंय, काय सांगणार आहे, तेही दिसत असावं. आकडा लुकलुकला. मॅडम म्हणाल्या, "अहो, चला." ते बसून राहिले.

मी उठले. तपासणीच्या दारापाशी जाऊन हॉलकडे तोंड करून उभी राहिले, वीस वर्षं राहत होते तशी. त्यांचं आडनाव घेतलं, पुढे 'आत या' म्हटलं. आवाज फाटला, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. सगळी माणसं वळून बघू लागली. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मावशी, इथं ओरडायचं नाही."

डॉक्टर उठले. चष्मा नीट केला, चिठ्ठी खिशात घातली. माझ्याजवळून जाताना थांबले.

"स्पष्ट ऐकू आलं," म्हणाले, आणि आत गेले.